शेलात बिऱ्हाड मांडताना

ग्वातेमालाला येणारे आपले बहुतेक लोक तिकालच्या पिरॅमिडांचे फोटो पाहून आणि ‘माया लोक नाहीसे झाले’ असं कुठेतरी वाचून येतात. २०१८ च्या जनगणनेत इथल्या ४१.७ टक्के लोकांनी स्वतःला माया म्हणून नोंदवलं आहे. केत्साल्तेनांगो, म्हणजे सगळे ज्याला शेला म्हणतात ते २,३३० मीटर उंचीवरचं शहर. तिथे तुमची घरमालकीण, भाजीवाली, मुलांच्या बाई, बँकेतला कारकून यांपैकी कितीतरी जण किचे किंवा माम, म्हणजे माया लोकांतल्याच समाजांतले असतील. तिकाल दूर उत्तरेच्या जंगलात आहे, ते सवडीने बघा.

आधी कागदपत्रं. जन्मदाखला, विवाह प्रमाणपत्र, पदवी आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला यांवर भारतातच अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा यासाठीचा सरकारी शिक्का, करून घ्या. स्पॅनिश भाषांतर मात्र इथे येऊन, ‘त्रादुक्तोर हुरादो’ म्हणजे शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करा. तिकडून करून आणलेलं बहुधा पुन्हा करावं लागतं. व्हिसाचे नियम दिल्लीतल्या ग्वातेमालाच्या वकिलातीत विचारा. पर्यटक म्हणून मिळणारे ९० दिवस होंडुरास, एल साल्वादोर आणि निकाराग्वा धरून चार देशांत मिळून असतात. शनिवार-रविवार एल साल्वादोरला जाऊन आल्याने मोजणी नव्याने सुरू होत नाही. दुकानात पैसे देताना ‘नित?’ असं विचारतील, तो कर-क्रमांक. तो मिळेपर्यंत ‘से एफे’ म्हणा. किरकोळ बिलांना ते चालतं, मोठ्या बिलांना नाही.

पत्ता वाचायची पद्धत पहिल्या दिवशीच समजून घ्या. ‘४ काये १२-३५, सोना १’ म्हणजे चौथ्या गल्लीत, बाराव्या आवेनिदापासून, म्हणजे गल्लीला छेदणाऱ्या रस्त्यापासून पुढे, ३५ क्रमांकाचं घर. सोना म्हणजे शहराचा विभाग. हाच आकडा सोना ३ मध्येही असू शकतो. त्यामुळे टॅक्सीवाल्याला सोना आधी सांगा.

नळाचं पाणी पिऊ नका. पाच गॅलनचा, म्हणजे साधारण १९ लिटरचा ‘गाराफोन’ दारात येतो. कायमचं राहणार असाल तर मातीचा फिल्टर बरा. माती आणि लाकडाचा भुसा मिसळून भांडं भाजतात. भुसा जळून बारीक छिद्रं उरतात आणि वरून चांदीचा लेप देतात. ही रचना १९८१ मध्ये इथल्याच डॉ. फेर्नांदो मासारिएगोस यांनी केली. त्यातून तासाला एक-दोन लिटरच पाणी झिरपतं, म्हणून रात्री भरून ठेवायचं. वेग मंदावला की मऊ ब्रशने नुसत्या पाण्याने घासा. साबण किंवा ब्लीच लावलं तर भांडं बाद.

आंघोळीचं गरम पाणी शॉवरच्या तोंडातच बसवलेल्या विजेच्या कॉइलवर येतं. ती चार-पाच किलोवॅट ओढते. बारीक वायरवर जोडली असेल तर वायर तापते, आणि अर्थिंग नसेल तर नळाला हात लावताच झिणझिण्या येतात. भाडेकरार करण्याआधी तिला वेगळा ब्रेकर आणि अर्थिंगची वायर आहे का ते बघा. तोटी पूर्ण उघडली की पाणी कोमट येतं, धार कमी केली की गरम. वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. भारतातला मिक्सर आणू नका. तो चालवायला लागणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या खर्चात इथली ‘लिकुआदोरा’ मिळते.

कुकर मात्र जरूर आणा. या उंचीवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात कडधान्यं तासन्‌तास शिजत बसतात आणि भात कच्चट राहतो. सोबत दोन जादा रिंगा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह ठेवा, इथले मापाला बसत नाहीत. अख्खा मसूर, काबुली चणे, काळा घेवडा, चिंच, कोथिंबीर कुठेही मिळते. कढीपत्ता विसरा. वेलदोड्याची गंमत अशी की ग्वातेमाला जगातल्या सर्वांत मोठ्या निर्यातदारांपैकी एक. १९१४ च्या सुमारास एका जर्मन मळेवाल्याने तो कोबानच्या बाजूला आणला, आणि आज तिथले केक्ची (हेही माया) शेतकरी तो पिकवतात. पण इथे कोणी खात नाही. बराचसा माल अरब देशांत जातो.

तोर्तिया ही जाड, लहान, मक्याची भाकरी. मक्याचं साधं पीठ आणून ती करायला जाल तर कडा फाटतील. इथला मका आधी चुन्यात शिजतो. एक किलो सुक्या मक्याला साधारण दहा ग्रॅम खाण्याचा चुना आणि तीन लिटर पाणी घ्या. दाण्याचं साल बोटाने सुटेपर्यंत मंद आचेवर ठेवा. सखल भागात पाऊण तास पुरतो, इथे जास्त लागतो. रात्रभर त्याच पाण्यात राहू द्या आणि सकाळी दोन-तीनदा धुवा. चुना जास्त झाला तर पीठ पिवळं आणि कडवट होतं. फार चोळून धुतलं तर सालाचा चिकटपणा जातो आणि गोळा बांधला जात नाही. ओला मका सकाळी लवकर गल्लीतल्या ‘मोलिनो’त दळून घ्या. मिक्सरमध्ये जादा पाणी घालावं लागतं आणि पीठ सैल होतं. चुन्यामुळे मक्यातलं नायसिन अंगी लागतं. हा संस्कार न घेता मका उचललेल्या युरोपातल्या गरीब शेतकऱ्यांत पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या अभावाने होणारा रोग पसरला, तो याचसाठी.

शाकाहाऱ्यांनी ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) एवढ्यावर थांबू नये. कोंबडी ‘कार्ने’त धरत नाहीत, आणि भातात चिकनच्या रश्शाची पावडर असतेच. ‘नी पोयो, नी कोन्सोमे’ (कोंबडी नको, रश्शाची पावडरही नको) असं पुढे जोडा. घेवड्यात डुकराची चरबी आहे का, हेही विचारा.

बाजारात माप ‘लिब्रा’ आहे, म्हणजे पौंड, अर्ध्या किलोपेक्षा किंचित कमी. भाजीसाठी आल्मोलोंगा गाठा, तिथली गाजरं मनगटाएवढी असतात. सान फ्रान्सिस्को एल आल्तोचा बाजार शुक्रवारी भरतो, चिचिकास्तेनांगोचा गुरुवारी आणि रविवारी. आसपासच्या गावांत स्टँडपासून घरापर्यंत न्यायला रिक्षा असते, आणि ती बहुतेक वेळा बजाजची. घासाघीस होते, पण आपल्याकडच्यासारखी निम्म्यापासून सुरुवात करू नका. हातमागावरच्या ‘विपिल’, म्हणजे माया बायकांच्या पारंपरिक पोलक्याबाबतीत तर अजिबात नाही. कमरेला पट्टा बांधून विणलेल्या एका भारी विपिलला काही महिने लागतात. त्यावरची नक्षी बघून बाई कुठल्या गावची ते कळतं.

दुकानात, बसमध्ये, दवाखान्यात शिरताना आधी ‘बुएनोस दियास’ (सुप्रभात) म्हणायचं, मग काम सांगायचं. खानावळीत शेजारच्या टेबलाला ‘बुएन प्रोवेचो’, म्हणजे सावकाश जेवा. विक्रेत्या बाईंना ‘सेन्यो’. किचे बोलणाऱ्या वडीलधाऱ्या पुरुषाला ‘तात’, बाईला ‘नान’, आणि आभाराला ‘मालत्योश’. एवढ्यावर चेहरे खुलतात. स्वतःची ओळख ‘सोय इंदियो’ अशी कधीही करू नका. इथे ती माया लोकांना दिली जाणारी शिवी आहे. ‘सोय दे ला इंदिया’ म्हणा.

१९६० ते १९९६ च्या गृहयुद्धात दोन लाखांहून अधिक लोक मारले गेले किंवा बेपत्ता झाले, त्यांत बहुसंख्य माया. तुमच्या भाजीवालीच्या घरात कोणी गेलं असेल. आपणहून विषय काढू नये.

२६० दिवसांचं ‘चोलकीह’ हे पंचांग आजही चालू आहे. तेरा आकडे आणि वीस दिवसांची नावं फिरत राहतात. लग्न, पेरणी, प्रवासासाठी लोक ‘आहकीह’ म्हणजे दिवस सांगणाऱ्या जाणकाराकडे जातात, जसे आपल्याकडे गुरुजींकडे मुहूर्त काढायला. टेकडीवर कोपाल धुपाचा आणि मेणबत्त्यांचा होम दिसला तर दूर थांबा. बोलावलं तरच पुढे जा, आणि कॅमेरा खिशात ठेवा.

मुलांचे फोटो तर विचारल्याशिवाय नकोच. गाल ओढणं, उचलून घेणं, खाऊ देणं ही आपली सवय इथे घातक ठरू शकते. परके लोक मुलं पळवतात अशी अफवा उठून २००० साली तोदोस सान्तोस कुचुमातानमध्ये एक जपानी पर्यटक आणि बसचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. आधी आईशी बोला, तिने मूल पुढे केलं तर ठीक.

पहाटे पाचला दाराशी फटाक्यांची माळ वाजली तर घाबरू नका, शेजारी कोणाचा तरी वाढदिवस आहे. खरीच गरज पडली तर १२२ किंवा १२३ लावा. ते अग्निशमन दलाचे क्रमांक आहेत आणि रुग्णवाहिका त्यांच्याच असतात. पोलीस ११० वर.