डचचे लांबलचक शब्द वाचताना या चुका टाळा

डचमधले मालगाडीएवढे शब्द बघून घाबरायचं काही नाही, आपल्या सामासिक शब्दांसारखेच दोन-तीन शब्द चिकटवलेले असतात, घोळ होतो तो जोड कुठंय हे न बघता वाचल्यामुळे.

माझंच सांगतो. दाताच्या डॉक्टरकडे फोन लावला आणि ऐटीत "टान-डार्ट्स" म्हणालो, पलीकडची बाई गप्पच. शब्द आहे टांड म्हणजे दात अधिक आर्ट्स म्हणजे डॉक्टर, आणि जोडावरच्या ड चा उच्चार ट होतो, म्हणून "टांट-आर्ट्स". आपल्याला संधीची सवय ना, सत् अधिक आचार सदाचार, पुढे स्वर आला की त चा द! डचचं बरोब्बर उलटं. आइंडहोव्हन शहरालासुद्धा तिथले लोक "आइंटहोव्हन" म्हणतात, कान देऊन ऐका.

चुकीच्या जागी तोडलं तर अर्थच पालटतो. बॉम-मेल्डिंग म्हणजे बॉम्ब ठेवल्याची खबर, तेच बॉमेल-डिंग वाचलं तर बॉमेल नावाची कसलीतरी वस्तू! व्हाल-काउल म्हणजे जनावर पकडायचा खड्डा आणि व्हाल्क-आउल म्हटलं की ससाणा-घुबड! टाइप करताना ओळ संपून शब्द तोडावा लागला तरी जोडाची जागा सांभाळायची.

आता जोर. मराठी आपण सपाट बोलतो त्यामुळे इथे सगळेच आपटतात. क्लासमध्ये सांगतात "जोर पहिल्या भागावर" आणि आपण पहिल्या अक्षरावर दणका देतो. पहिला भाग म्हणजे पहिला अख्खा शब्द, आणि त्या शब्दाचा स्वतःचा जोर जिथे असेल तिथेच तो राहतो. खमेंटेहाउस, म्हणजे पालिकेचं ऑफिस, यात जोर "ख" वर नाही, "में" वर. अपवाद आहेतच, स्टाटहाउस, म्हणजे हेही पालिकेचं ऑफिसच, यात जोर शेवटच्या हाउसवर, ॲम्स्टरडॅममध्येही "डाम" वर, हे पाठच करा.

सगळ्यात डेंजर फोअरकोमन. जोर "फोअर" वर दिला तर घडणं, आढळणं, आणि "को" वर दिला तर टाळणं, घडू न देणं! स्पेलिंग एकच. घोळ होईल असं वाटलं तर डच लोक लिहिताना जोराच्या स्वरावर तिरकी रेघ देतात, ती दिसली की तिथेच जोर द्या.