ऑपरेशन ‘मायनर’ लिहिण्याआधी: या चुका टाळा

ओटीची (ऑपरेशन थिएटरची) यादी लिहिताना नवी मुलं ऑपरेशनच्या नावापुढे ‘मायनर’ लिहितात आणि मोकळी होतात. बेळगावात भूल देता देता केस पिकले, पण त्या शब्दाने अजून माझं डोकं उठतं.

खानापूरकडचे एक काका हर्नियासाठी आले. यादीत ‘मायनर’, एएसए ग्रेड २ (भुलीआधी रुग्णाची तब्येत मोजायचा आकडा; जितका मोठा तितका धोका जास्त). (हर्निया मुळात मध्यम गटातला, पण ते राहू दे.) पाठीत सुई घालण्याआधी सवयीने छातीला स्टेथो लावला, तर मर्मर (हृदयाच्या ठोक्यांमधला जादा आवाज) ठणठणीत ऐकू आली. तिथेच थांबलो. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) महाधमनीची झडप फारच अरुंद निघाली. पाठीतल्या भुलीने रक्तदाब झपकन उतरतो. असं हृदय ती घसरण सावरू शकत नाही. खरा ग्रेड ४! पहाटेच्या बसने उपाशीपोटी आलेले काका माझ्यावरच तापले, “तासाभराचं काम म्हणाले होते की हो!” त्यांना तसंच सांगितलं होतं.

मायनर, मध्यम, मेजर हे ऑपरेशनचं माप. एएसए ग्रेड रुग्णाचा. मी दोन्ही वेगळ्या रकान्यांत लिहितो, आणि ग्रेड रुग्णाला समोर बसवल्याशिवाय लिहीत नाही. फोनवरून ग्रेड विचारणाऱ्याला मी उत्तरच देत नाही.

“काही त्रास आहे का?” असं विचारू नका. आपली माणसं “काय नाही” म्हणतात; बीपीची गोळी त्यांच्या लेखी आजारात धरत नाहीत. न थांबता दोन जिने चढता का, विचारा. गावात जिना नसेल तर भारा घेऊन बांध चढता का ते विचारा. येळ्ळूरच्या माणसाला मी गावाजवळचा राजहंसगड किल्ला चढता का, विचारतो.

दुर्बिणीतून पित्ताशय काढणं हे भोकं लहान म्हणून मायनर होत नाही. पोटात गॅस भरतात, त्याचा भार हृदयावर आणि फुप्फुसांवर पडतो.

मोतीबिंदूचं उलटं. रुग्ण ऐंशीचा असला तरी ऑपरेशन कमी धोक्याचं; तपासण्यांचा गठ्ठा कशाला?

तातडीच्या केसला ग्रेडपुढे ‘ई’ (इमर्जन्सीचा) लावायला विसरू नका.

जखमेचा वर्ग (जखम स्वच्छ की दूषित, ते) ऑपरेशन संपल्यावर लिहा. आदल्या रात्री ‘साधं अपेंडिक्स’ म्हणून भरून ठेवलेला कागद पोटात पू सापडला की खोटा ठरतो, आणि तो बदलायला कुणी परत येत नाही.