फिरोजपूर ते फाजिल्का सायकलवर निघण्याआधी

हा रस्ता पंजाबात पाकिस्तानच्या सीमेलगत आहे, म्हणून आधी मूळ ओळखपत्र. आधार, मतदार कार्ड, पासपोर्ट, काहीही चालेल, पण हातात धरता येईल असं. मागच्या हिवाळ्यात माझं आधार फक्त फोनमध्ये होतं. दिवसभर नकाशा चालू ठेवल्यामुळे चारच्या सुमारास फोन बंद पडला आणि थोड्याच वेळात कालव्याच्या रस्त्यावर नाका लागला. हँडलवर कॅमेरा लावलेला, तोंडी मराठी वळणाचं हिंदी, आणि मी कोण हे सांगणारा कागदाचा कपटासुद्धा जवळ नाही. अडीच तास बाकावर बसलो. एका जवानाने स्टीलच्या पेल्यात चहा आणून दिला. वागणूक चांगलीच होती, पण ओळख पटल्याशिवाय ते सोडणार कसे? शेवटी जॅकेटच्या खिशात लॉजची पावती सापडली. तिच्यावरच्या नंबरावर फोन करून त्यांनी माझ्या आधारची झेरॉक्स मागवली, तेव्हा सुटलो. बाहेर मिट्ट काळोख आणि दहा पावलांवरचं दिसू नये असं धुकं.

या भागात मे 2025 च्या भारत-पाक संघर्षात रात्रीचे दिवे बंद होते आणि एका गावात घरावर ड्रोन कोसळून माणसं भाजली. 10 मेला गोळीबार थांबला, पण लोकांची धास्ती लगेच जात नाही. अनोळखी सायकलवाला दिसला की गावकरीही चौकशी करतात, आणि ते बरोबरच आहे. सीमेवरच्या कुंपणाच्या तारेपलीकडे ज्यांची जमीन आहे ते शेतकरी स्वतःच्याच शेतात जाताना रोज ओळखपत्र दाखवतात, झडती देतात आणि फाटक बंद व्हायच्या आत परततात. ते दाखवतात, मग आपण कोण? ओळखपत्र अंगावरच्या खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत. सायकलच्या बॅगेत नको, सायकल बाजूला उभी करायला सांगतात.

निघायच्या आदल्या दिवशी त्या जिल्ह्याच्या डीसींचे (जिल्हाधिकाऱ्यांचे) ताजे आदेश बघा. सीमेलगत रात्री फिरायला बंदी घातलेली असू शकते. ड्रोन घरीच ठेवा. कॅमेरा बॅगेत, आणि चौकी, पूल, तार यांचे फोटो नकोत. नकाशावरच्या बारीक रस्त्यांवर विसंबू नका, त्यातले काही थेट तारेपाशी जाऊन संपतात. ऑगस्ट 2025 च्या सतलजच्या पुरात नदीकाठचे रस्ते आणि बांध खचले होते, तेव्हा पुढच्या गावापर्यंत वाट आहे का ते चहाच्या टपरीवर विचारूनच पुढे जा.

हंगाम फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य. गहू हिरवा असतो, मोहरी पिवळी. डिसेंबर-जानेवारीत धुकं, ऑक्टोबरच्या शेवटापासून पराळीचा, म्हणजे भातकापणीनंतर शेतात जाळलेल्या काडाचा धूर. अंतर 85-90 किलोमीटर, चढ जवळपास नाहीच, त्यामुळे संध्याकाळी उशीर केला तरी चालेल असं वाटतं. चालत नाही. मागे दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या अंधारात अगदी जवळ आल्यावरच दिसतात. पाचच्या आत मुक्काम गाठा. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.

पंक्चरचं सामान, दोन ट्यूब. कीकरचे (बाभळीचे) काटे टायर सहज भेदतात. पॉवर बँक, आणि तिची केबल. तरीही ओळखपत्र कार्डाचंच, कारण केबल तुटते, चार्ज संपतो. गुरुद्वाऱ्याच्या सराईतही खोली देताना बहुधा ओळखपत्र मागतात. लंगरसाठी डोकं झाकायला रुमाल घ्या.

फिरोजपूरजवळचं हुसैनीवाला टाळू नका. भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या खेडचे राजगुरू यांची समाधी सतलजकाठी आहे. 1961 च्या भारत-पाकिस्तान जमिनींच्या अदलाबदलीत ही जागा भारताकडे आली. मी तिथे सकाळी गेलो होतो, तासभर कठड्याला टेकून बसलो, पुढे जावंसंच वाटेना. दोन्ही देशांच्या जवानांचा संध्याकाळचा झेंडा उतरवायचा सोहळा मे 2025 मध्ये काही दिवस थांबला होता आणि नंतर सुरू झाला तो फाटकं बंद ठेवून, हस्तांदोलनाशिवाय. वेळ ऋतूप्रमाणे बदलते, आदल्या दिवशी विचारून घ्या. तिथेही ओळखपत्र.

बाकी नेहमीचं: हेल्मेट, पाणी, गरम कपडे. जायला मुंबईहून पंजाब मेल थेट फिरोजपूर छावणीपर्यंत आहे. चाकं काढून सायकल बॅगेत भरा. घरच्यांना रोजच्या मुक्कामाचं गाव कळवून ठेवा, आणि लॉजची पावती फेकू नका.