इम्पोर्टेड जुना पंप घेताय? पोकलेन मालकांनो, या चुका टाळा

एप्रिल-मे महिन्यात पोकलेन बंद पडली की मालक घाईत व्यवहार करतो. पावसाआधी शेततळी, नाला खोलीकरण, पाया खोदाई उरकायची असते. मशीन उभी असली तरी बँकेचा हप्ता आणि ऑपरेटरचा पगार चुकत नाही. अशा वेळी बूम, बकेट आणि चेन चालवणारा हायड्रॉलिक पंप गेला असेल तर फोनवर कोणीतरी सांगतं, "जपानचा ओरिजिनल पंप आहे, आजच गाडीत टाकतो." पैसे जातात, पंप येतो, आणि थोड्याच दिवसांत मशीन पुन्हा उभी राहते.

वापरलेला इम्पोर्टेड माल वाईटच असतो असं मी मुळीच म्हणणार नाही. जपान, कोरिया, आखाती देशांत खोललेल्या मशीनचे भाग कंटेनरमधून न्हावा शेवाला उतरतात. त्यात खरोखर चांगले पंप, स्विंग मोटर (मशीनचा वरचा भाग फिरवणारी), कंट्रोल व्हॉल्व (पंपाचं तेल हव्या त्या कामाकडे वळवणारा) असतात. नव्या ओरिजिनल पंपाची किंमत ऐकून एका मशीनवर घर चालवणाऱ्या माणसाला हाच रस्ता उरतो, आणि तो रास्त आहे. म्हणूनच या व्यवहारात लहान मालकाचा पैसा बुडालेला बघवत नाही. बहुतेक वेळा भाग मुळात बरा असतो, पण तो त्या मशीनचा नसतो, नाहीतर घाण झालेल्या मशीनमध्ये तसाच बसवलेला असतो.

पंप गेलाय, हे ठरवलं कोणी?

मशीन गरम झाली की ढिली पडते, बूम हळू उचलते, म्हणजे पंप गेला, असा निकाल साइटवर पाच मिनिटांत लागतो. आधी तेलाची पातळी, सक्शनची जाळी आणि फिल्टर बघा. मग प्रेशर गेज लावा. कोमात्सु पीसी२००-७ चं मुख्य रिलीफ प्रेशर, म्हणजे ज्या दाबाला रिलीफ व्हॉल्व उघडून जादा तेल सोडतो तो दाब, साधारण ३८० किलो (दर चौरस सेंटिमीटरला) असतं. कावासाकीचा पंप असलेल्या वीस टनांच्या बऱ्याच मशीनमध्ये ते ३५० किलोच्या आसपास असतं. तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. गेजवर प्रेशर कमी दिसलं तरी दोष रिलीफ व्हॉल्वचा असू शकतो, आणि तो पंपाच्या मानाने फार स्वस्तात सुटतो.

चालताना मशीन एका बाजूला ओढत असेल तर आणखी एक तपासणी करता येते. या मशीनमध्ये पंपाचे दोन भाग असतात, दोघांच्या डिलिव्हरी लाइन वेगळ्या. इंजिन बंद करून, बकेट जमिनीवर टेकवून, टाकीतली हवा सोडून त्या दोन लाइन आपसात बदला. दोष दुसऱ्या बाजूला गेला तर पंपाकडे बघा. त्याच बाजूला राहिला तर कंट्रोल व्हॉल्व, सेंटर जॉइंट (फिरत्या वरच्या भागातून खालच्या भागात तेल नेणारा सांधा) किंवा चेन चालवणारी ट्रॅव्हल मोटर. सेंटर जॉइंटचे सील गेलेले असताना आख्खा पंप बदलणारे मालक आहेत. सील किट टाकून जे काम झालं असतं त्यासाठी लाखांचा माल आणला जातो.

केस ड्रेनची, म्हणजे पंपाच्या आत झिरपलेलं तेल टाकीत परत नेणारी नळी काढून, तेल गरम असताना एका मिनिटात किती तेल येतं ते भांड्यात मोजा. पंपाच्या आतली झीज यावरून कळते. हे मोजमाप नसेल तर डीलरला फोनही करू नका.

"पीसी दोनशेचा पंप द्या"

सगळ्यात महाग पडणारं वाक्य हेच. पीसी२००-६, -७ आणि -८ या तिन्हींत एचपीव्ही९५ घराण्याचा पंप येतो, पार्ट नंबरची सुरुवातही ७०८-२एल अशीच होते. पुढचे आकडे मात्र वेगळे, आणि फरक त्या आकड्यांतच असतो. हिताचीतही तसंच: ईएक्स२००-२ आणि -३ ला एचपीव्ही०९१, तर ईएक्स२००-५ ला एचपीव्ही१०२. मशीनच्या अंगावर मोठ्या अक्षरांत सगळीकडे दोनशेच लिहिलेलं असतं.

कावासाकीच्या के३व्ही११२ पंपाबाबत तर जास्तच जपा. हा पंप वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनमध्ये आहे, म्हणून "सगळ्यांना चालतो" असं सांगून विकला जातो. बॉडी सारखी असते, पण पंपाने किती तेल द्यायचं ते ठरवणारा वरचा रेग्युलेटर वेगळा असू शकतो: कुठे पायलट प्रेशरवर (कंट्रोल चालवणाऱ्या कमी दाबाच्या तेलावर) चालणारा, कुठे कंट्रोलरकडून करंट घेणारा. चुकीचा रेग्युलेटर आला की पंप बोल्टला बरोबर बसतो, फिरतो, आणि लोड आला की इंजिन दबतं. मग मेकॅनिक इंजिनच्या डिझेल पंपाच्या मागे लागतो आणि दोन दिवस त्यातच जातात.

डीलरला मशीनचं नाव सांगू नका. मशीनचा सिरीयल नंबर, जुन्या पंपावरच्या प्लेटचा फोटो, रेग्युलेटरचा चारी बाजूंनी फोटो, शाफ्टच्या स्प्लाइनचे दाते मोजून आकडा, फिरण्याची दिशा, आणि मागे पायलट पंप जोडलेला आहे की नाही, एवढं पाठवा. कॉइल आणि सेन्सरचे सॉकेटही जुळवा. एवढ्या माहितीवर जो डीलर "हो, चालेल" म्हणण्याऐवजी स्वतःच्या नगाचे फोटो जोडून पाठवतो, त्याच्याशी पुढे बोला.

रंग, प्लेट आणि "टेस्टेड"

ताजा रंग मारलेला जुना पंप मला आवडत नाही. रंगाखाली वेल्डिंग लपतं, बोल्ट आधी खोलल्याच्या खुणा लपतात. रंग न मारलेला, तेलकट, पण सगळ्या तोंडांना बुच लावलेला नग जास्त विश्वासाचा. तोंडं उघडी ठेवून समुद्रातून आलेल्या पंपात गंज आणि धूळ दोन्ही असणार.

शक्य असेल तर स्वतः जा, सोबत तुमचा मेकॅनिक न्या आणि पंप खोलून बघा. सिलिंडर ब्लॉक आणि व्हॉल्व प्लेटच्या समोरासमोरच्या बाजूंवर नख फिरवा. नख अडकलं तर ती रेघ तेल गळवणार. पिस्टनचा शू (त्याच्या टोकाची टाच) हाताने ओढून बघा, ढिला असेल तर त्याचे दिवस संपत आलेत. जाणं जमत नसेल तर व्हिडिओ कॉलवर नंबरप्लेट, शाफ्ट आणि आतली प्लेट दाखवायला सांगा. जुने फोटो दाखवून आगाऊ पैसे घेणारेही या धंद्यात आहेत.

"टेस्टेड" म्हटलं की विचारा: टेस्ट बेंचवर लावला का, किती प्रेशरला, केस ड्रेन किती आला? उत्तर आकड्यांत आलं नाही तर तो पंप फक्त हाताने फिरवून बघितलेला आहे असं धरा. वॉरंटी किती दिवसांची, आणि बदली नग मिळणार की पैसे परत, हे बिलावर लिहून घ्या.

चेन, रोलर, स्प्रॉकेट, आयडलर वापरलेले घेऊच नका. झिजण्यासाठीच बनलेला भाग झिजलेला विकत घेण्यात काही हशील नाही.

इंजिनच्या बाबतीत एकच सांगतो. पीसी२००-७ चं ६डी१०२ हे कमिन्सच्या ५.९ लिटर बी सिरीजच्याच कुळातलं, त्याचे भाग आणि जाणकार इथे सापडतात. पीसी२००-८ चं ६डी१०७ कॉमन रेल आहे, म्हणजे त्याचं डिझेल इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर सोडतो. त्याच्यासोबत जुळणारा कंट्रोलर आणि वायरिंग नसेल तर नुसतं इंजिन आणून मशीन चालणार नाही. बॅकहो लोडरसारख्या टायरच्या मशीनचं इंजिन बदललं तर आरसी बुकवर नवा इंजिन नंबर चढवून घ्या, नाहीतर विम्याच्या दाव्याच्या वेळी अडचण येते.

कागद

स्वतः मागवणाऱ्यांनी पैसे पाठवण्याआधी नियम वाचावा. परराष्ट्र व्यापार धोरणानुसार भांडवली यंत्रांचे दुरुस्त करून पुन्हा वापरायोग्य केलेले सुटे भाग आणता येतात, पण मूळ भागाच्या आयुष्यापैकी किमान ८० टक्के शिल्लक आहे असं चार्टर्ड इंजिनियरचं प्रमाणपत्र लागतं. ते नसताना माल निघाला तर कंटेनर बंदरात अडकतो आणि भाड्याचा मीटर चालू राहतो. कस्टम एजंटशी बोलणं ऑर्डरच्या आधी करा.

इथल्या डीलरकडून घेताना जीएसटी बिल घ्याच, त्यावर पार्ट नंबर आणि नगाचा सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि त्या मालाच्या बिल ऑफ एंट्रीची (कस्टममधल्या आयातीच्या कागदाची) प्रत मागा. बिलाशिवाय थोडे पैसे वाचल्यासारखे वाटतात, पण इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) जातं आणि चोरीच्या मशीनचा भाग गळ्यात पडला तर हातात काहीच नसतं.

चांगला पंप बसवतानाच मरतो

इथे थोडं थांबून वाचा, कारण बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात. जुना पंप फुटला तेव्हा त्याचा पितळी आणि लोखंडी चुरा टाकीत, कूलरमध्ये, कंट्रोल व्हॉल्वमध्ये, सिलिंडरमध्ये गेलेला असतो. पंप बदलला आणि तेल तेच ठेवलं, तर नवा नग तोच चुरा खातो. डीलर म्हणतो बसवण्यात चूक, मेकॅनिक म्हणतो माल खराब, आणि मालक दोघांच्या मध्ये.

टाकी पूर्ण रिकामी करा, जाळी काढा, आतून धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. कॉटन वेस्ट टाकीत नेऊ नका, त्याचे धागे जाळीत जाऊन बसतात. कूलर आणि होज धुऊन घ्या. रिटर्न, पायलट आणि असेल तर केस ड्रेन, सगळे फिल्टर नवे टाका. पन्नास तासांनी रिटर्न फिल्टर पुन्हा काढा आणि कापून आत धातूची चकाकी आहे का बघा.

तेल भरल्यावर लगेच सेल्फ मारू नका. पंपाच्या केसमध्ये ड्रेनच्या तोंडातून स्वच्छ तेल भरा, हवा काढा, मगच इंजिन सुरू करा. कोरडा फिरलेला पंप काही मिनिटांत शू आणि प्लेट खराब करून घेतो, आणि नंतर कोणालाच ते सिद्ध करता येत नाही. सुरुवातीला इंजिन लो आयडलवर ठेवा, लोड नको. मग एकेक सिलिंडर हळूहळू चालवा, शेवटपर्यंत ताणू नका. पंप ओरडत असेल तर लगेच बंद करून सक्शनच्या बाजूने हवा कुठून शिरते ते शोधा. तेल गरम झाल्यावर प्रेशर आणि केस ड्रेन परत मोजा, आणि गेजचा फोटो तारखेसह डीलरला त्याच दिवशी पाठवा.

आता जुन्या पंपाबद्दल. "जुना परत द्या, एवढे कमी करतो" असा सौदा नेहमी होतो आणि गाडीवालाच जुना नग घेऊन निघतो. तो लगेच देऊ नका. त्याचा रेग्युलेटर, कपलिंग, फिटिंग, सेन्सर यातलं काहीतरी नव्या नगाला लागू शकतं, आणि नंबर जुळवायला तोच एक पुरावा तुमच्याकडे असतो. मशीन भर उन्हात पूर्ण पाळी लोडवर चालू द्या, मग जुना नग पाठवा.