नार्सिससवर लघुपट करताय? या चुका टाळा

पहिल्याच दृश्यात नार्सिसस, म्हणजे ग्रीक पुराणकथेतला स्वतःच्याच प्रतिबिंबाच्या प्रेमात पडलेला देखणा मुलगा, पाण्यात डोकावून केस सावरतोय, स्वतःवरच खूश होऊन हसतोय. असं लिहिलं असेल तर ते पान फाडा. रोमन कवी ओव्हिडच्या 'मेटामॉर्फोसेस' या काव्याच्या तिसऱ्या खंडात हा १६ वर्षांचा मुलगा पाण्यातल्या चेहऱ्याला दुसराच कुणी समजतो. त्याच्याशी बोलतो, त्याचं चुंबन घ्यायला वाकतो, मिठी मारायला हात पाण्यात घालतो. 'हा तर मीच' हे त्याला फार उशिरा कळतं. टायरेसियस या भविष्यवेत्त्यानं आधीच सांगितलेलं असतं: स्वतःला ओळखलं नाही, तरच हा म्हातारपण पाहील. तो ओळखीचा क्षण हातचा राखून ठेवा.

मग गर्व दाखवायचा कुठे? माणसांशी वागण्यात. प्रेमानं जवळ आलेल्या प्रत्येकाला तो झिडकारतो आणि त्यातल्याच एकाचा शाप सूडाची देवी नेमेसिस ऐकते. लांबी कमी करताना बहुतेक वेळा नेमका हाच प्रसंग उडवला जातो. मग शिक्षा कशाची, हेच प्रेक्षकाला कळत नाही.

त्याच्या प्रेमात पडलेल्या एको या वनदेवतेचे संवाद मराठीत लिहिताना खरी कसोटी लागते. देवांची राणी जुनो हिच्या शिक्षेमुळे तिला समोरच्याचे फक्त शेवटचे शब्द उच्चारता येतात. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, हे सोयीचंच. "इथं कुणी आहे?" "आहे." पण त्याच क्रियापदाला लिंगही चिकटलेलं असतं. नार्सिसस म्हणाला, "मी वाट बघतो", तर ती 'बघतो' म्हणणार? आणि 'बघते' म्हणाली, तर तो प्रतिध्वनी उरत नाही. म्हणून ये, थांब, भेटूया असे दोघांच्याही तोंडी शोभणारे शब्द वापरा. नकाराचं वाक्यही तसंच बांधा. "मरेन, पण कधी म्हणणार नाही, घे, सगळं तुझं!" यावर एको: "घे, सगळं तुझं." हे तालमीत मोठ्यानं म्हणून पाहा, कागदावर चूक दिसत नाही.

आता पाणी. प्रतिबिंबाऐवजी तळच दिसतोय? सरळ खाली पाहिलं तर पाणी जेमतेम २ टक्के प्रकाश परत पाठवतं. कॅमेरा खाली आणा, तिरपा धरा, तळाशी काळं कापड अंथरा. उजेड चेहऱ्यावर, पाणी सावलीत. लेन्सवर पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) राहिला असेल तर काढा, तो प्रतिबिंबच पुसू शकतो. प्रतिबिंब धूसर येतंय? फोकस पाण्याच्या पृष्ठभागावर लागलाय. कॅमेऱ्यापासून पाणी ४ फूट आणि पाण्यापासून चेहरा १ फूट असेल, तर फोकस ५ फुटांवर हवा.

वारा सुटला की थांबा. ओव्हिडचं तळं इतकं निवांत आहे, की तिथं मेंढपाळ किंवा गुरंच काय, पाखरूसुद्धा फिरकत नाही. त्या स्तब्धतेवरच पुढचं सगळं उभं आहे: त्याचाच अश्रू पडतो, चेहरा विस्कटतो आणि तो "जाऊ नकोस" म्हणून ओरडतो. आधीपासून लाटा असतील तर हा शॉट वाया गेला.

शेवटी, तो मेल्यावर, देहाचं फूल होताना दाखवायला ग्राफिक्सवर पैसे घालू नका. ओव्हिडनंही ते दाखवलेलं नाही. चिता तयार आहे, मशाली पेटल्या आहेत, आणि देह मात्र कुठेच नाही. त्या जागी पिवळ्या गाभ्याचं, पांढऱ्या पाकळ्यांचं फूल.