120/80 लिहायच्या आधी

नवीन एएनएम (आरोग्यसेविका) म्हणून उपकेंद्रावर जॉइन झालेल्या पोरींनो, लसीकरण, गरोदर मातांच्या नोंदी हे सगळं तुम्हाला येतंच, मी फक्त बाळंतिणीच्या भेटीबद्दल लिहितेय कारण तिथेच मी तोंडावर आपटलेय.

माझं पहिलं वर्ष. डिस्चार्ज घेऊन माहेरी आलेली बाळंतीण, तिसरा दिवस. अंधारी खोली, बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी. मी बाळाचं वजन घेतलं, नाळ बघितली, अंगावर पितंय का विचारलं आणि आईचा बीपी घेतलाच नाही, मशीन पिशवीच्या तळाशी, चार घरं बाकी, आणि नऊ महिने नॉर्मलच होता की. रजिस्टरला 120/80 टाकलं. सिनिअर सिस्टरनेच शिकवलेलं, रकाना रिकामा ठेवायचा नाही. असल्या शिकवणाऱ्यांपासून चार हात लांब राहा, मग त्या डब्यातलं कितीही खाऊ घालोत.

सहाव्या दिवशी आशाताईंचा फोन, ती डोकं धरून बसलीय. तिची आई म्हणे कान बांधले नाहीत, वारं लागलं. गेले तर पोरगी दाराकडे बघेना, म्हणाली ताई, बाळाचं तोंड धूसर दिसतंय. बीपी 170/110. मला वाटलं मशीनच बिघडलं, कफ सोडून परत बांधला, तेवढाच. 108 बोलावली, उपजिल्हा रुग्णालयात झटका येऊ नये म्हणून मॅग्नेशियम सल्फेट दिलं, झटका यायच्या आत पोचली म्हणून वाचली.

बाळंतपण झालं म्हणजे बीपीचं संपलं असं नसतं. उलट तिसऱ्या ते सहाव्या दिवसात तो सगळ्यात वर जातो, गरोदरपणात कधीच न वाढलेलीचाही वाढू शकतो, अगदी सहा आठवड्यांपर्यंत, आणि आपण तिला 48 तासांनी घरी पाठवलेलं असतं. 140/90 दिसला तर थोडं बसवून परत घ्या, तसाच राहिला तर पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) डॉक्टरांना फोन, 160/110 ला थेट गाडी. डोकं दुखतंय, धूसर दिसतंय, बरगडीखाली दुखतंय म्हणाली तर आकडा बरा असला तरी सोडू नका. ताप, घाण वास, जास्त रक्तस्राव तर विचारालच.

घाबरू नका, बहुतेक जणींचा बीपी ठीकच निघतो, दोन मिनिटांचं काम आहे. नाहीच घेता आला तर रकाना रिकामा सोडा, मीटिंगमध्ये ओरडा बसेल, मी खाल्लाय. आणि पिशवीत जास्तीचे सेल ठेवा, ते नेमके शेवटच्या घरी संपतात.