कॉलेज हॉकीची टीम वर्षानुवर्षं कशी फॉलो करायची

अमेरिकेतली कॉलेज हॉकी, म्हणजे बर्फावरची आइस हॉकी, फॉलो करायला घेताय ना, मग एक गोष्ट आधीच पचवून घ्या, तुमचा आवडता प्लेअर जाणार आहे. चार वर्षांत ग्रॅज्युएट होऊन जाईल, नाहीतर एनएचएलवाले, म्हणजे इथली मोठी प्रोफेशनल लीग, दोन वर्षांतच उचलून नेतील, नाहीतर ट्रान्सफर पोर्टलमधून दुसऱ्या कॉलेजात जाईल आणि पुढच्या सीझनला तुमच्याच रिंकवर येऊन तुमच्याच गोलकीपरवर गोल मारेल. हे दर वर्षी होतं. म्हणून जीव लावायचा तो टीमला लावायचा, आणि टीमला जीव कसा लावायचा तेच खाली लिहितेय, कारण दर सप्टेंबरला अमेरिकेत एमएसला आलेली मुलं विचारतात की इथे सगळे हॉकी हॉकी करतात, आम्ही सुरुवात कुठून करायची.

माझी टीम मिशिगन टेक युनिव्हर्सिटीची. मिशिगन राज्याच्या अगदी वरच्या टोकाला होटन नावाचं गाव आहे, लेक सुपीरियरच्या कुशीत, हिवाळ्यात सरासरी २०० इंचांच्या आसपास बर्फ पडतो, आणि १९०४ च्या सुमारास जगातली पहिली प्रोफेशनल हॉकी टीम याच गावात उभी राहिली. टेकने नॅशनल टायटल तीनदा जिंकलंय, १९६२, १९६५ आणि १९७५. पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेलेला टोनी एस्पोझिटो १९६५ च्या टीममध्ये गोलकीपर होता. म्हणजे जुनं वैभव भरपूर, पण मी बघायला लागले तेव्हा ते सगळं छताला टांगलेल्या बॅनर्सवरच होतं. हे मुद्दाम सांगतेय, कारण टीम निवडताना लोक आधी टायटल्स मोजतात. २०२५ पर्यंत डेनव्हरची १० होती, मिशिगन युनिव्हर्सिटीची ९, नॉर्थ डकोटाची ८, पण ती बघून टीम निवडू नका. ज्या कॉलेजात शिकलात, ज्या गावात राहताय, ज्या रिंकवर थंडीत चालत जाऊ शकता ती टीम घ्या. लांबच्या मोठ्या टीमचा फॅन होणं सोपं आहे पण ते मार्चमधल्या नॅशनल टूर्नामेंटपुरतं टिकतं.

आता प्रत्यक्ष मॅच. पहिल्या दोन-तीन मॅचना काचेला लागून बसू नका, तिथून धडाधड आवाज येतो, मजा येते, पण कळत काहीच नाही. गोलपोस्टच्या मागे वरच्या रांगेत किंवा कोपऱ्यात वर बसा, तिथून पाचही जणांची मांडणी दिसते, कोण कुठे सरकतोय, पास कुठून निघणार, सगळं. आणि पकच्या, म्हणजे त्या रबरी चकतीच्या, मागे डोळे पळवू नका, पक दिसत नाही म्हणून नवीन माणूस कंटाळतो, त्यापेक्षा एकच प्लेअर धरा आणि त्याची अख्खी शिफ्ट बघा. शिफ्ट असते चाळीस-पंचेचाळीस सेकंदांची, तेवढ्यात तो जीव तोडून पळतो आणि बेंचवर येऊन पडतो, लगेच दुसरी लाइन उडी मारून आत. तीन-तीन फॉरवर्ड्सच्या चार लाइन असतात. खेळ थांबल्यावर शेवटचा बदल करायचा हक्क होम टीमला असतो, म्हणून आपल्या रिंकवर आपला कोच समोरच्यांची भारी लाइन उतरली की त्यांच्यावर आपली चिवट डिफेन्सवाली लाइन सोडतो. एकदा हे दिसायला लागलं ना की मॅच एकदम उलगडते, मग स्कोअर ०-० असला तरी तुम्ही खुर्चीच्या टोकावर.

अजून एक बारकी गोष्ट, ही मला फार आवडते. आपला पॉवरप्ले चालू असतो, समोरच्यांचा एक माणूस पेनल्टी बॉक्समध्ये, आणि दोन मिनिटं संपत आली की आपला गोलकीपर स्टिक बर्फावर आपटायला लागतो, टक टक टक. आपल्या पोरांची पाठ घड्याळाकडे असते, त्यांना कळावं म्हणून, की तो बॉक्समधून सुटतोय, सावध. चार हजार लोक ओरडत असतात, बँड वाजत असतो, तरी तो आवाज बर्फावरून पोचतो. पुढच्या वेळी कान देऊन ऐका.

नियमांची भीती बाळगू नका, ऑफसाइड आणि आइसिंग दोन मॅचमध्ये आपोआप कळतं. एनएचएल बघून आलेल्यांनी एवढंच लक्षात घ्या की इथे सगळ्यांच्या तोंडावर पूर्ण जाळी किंवा पूर्ण शील्ड असते आणि मारामारी केली की मॅचमधून बाहेर वर पुढची मॅच पण गेली, त्यामुळे मारामारी बघायला येणार असाल तर इथे नाही मिळणार. मला तर हे फार बरं वाटतं.

कॉलेज हॉकीचा खरा जीव शुक्रवार-शनिवारमध्ये आहे. आमच्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे सीझनभर एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात, बहुतेक वेळा त्याच दोन टीम लागोपाठ दोन रात्री खेळतात, टेस्ट मॅचच्या दोन डावांसारखं समजा, पहिल्या रात्री जे झालं त्याचं उत्तर दुसऱ्या रात्री द्यायचं असतं. म्हणून शक्य असेल तर दोन्ही बघा आणि जोडीनेच बघा. शुक्रवारी आपला पॉवरप्ले त्यांनी कसा अडवला, मग शनिवारी कोचने काय बदललं, कोणाला लाइनवरून खाली आणलं, गोलकीपर तोच ठेवला की दुसऱ्याला संधी दिली. शुक्रवारी ५-१ ने हरलेली टीम शनिवारी २-१ ने जिंकते तेव्हा त्या चोवीस तासांत ड्रेसिंग रूममध्ये काय झालं असेल याचा विचार करत मी घरी येते. शुक्रवारची मॅच संपल्यावर दोन ओळी लिहून ठेवा कुठेतरी, फोनमध्ये चालेल, शनिवारी बघायला खूप उपयोग होतो.

आता माझी खरी पद्धत, आणि ही नीट वाचा कारण वर्षानुवर्षं टिकायचं असेल तर हीच उपयोगी पडते. दर ऑक्टोबरला नवीन रोस्टर, म्हणजे टीमची यादी, आला की एक फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाचा प्लेअर, निवडायचा. पहिल्या लाइनवरचा नाही, ज्याला एनएचएलने ड्राफ्टमध्ये आधीच निवडून ठेवलंय तो पण नाही. चौथ्या लाइनवरचा किंवा सहावा-सातवा डिफेन्समन, जो कधी खेळतो कधी कोट घालून वर बसून मॅच बघतो, असा कोणीतरी. आणि हो, कॉलेज हॉकीतला फ्रेशमन म्हणजे अठरा वर्षांचाच असतो असं नाही, बरेच जण आधी ज्युनिअर लीगमध्ये दोन-तीन वर्षं काढून वीस-एकविसाव्या वर्षी येतात. तर असा एक धरायचा आणि चार वर्षं त्याच्याकडे बघत राहायचं. पहिल्या वर्षी तो पक मिळाला की घाबरून लगेच काचेवर मारून बाहेर काढतो. दुसऱ्या वर्षी मान वर करून बघायला लागतो. तिसऱ्या वर्षी पेनल्टी किलला, म्हणजे आपला माणूस बॉक्समध्ये असताना टीम सावरायला, कोच त्यालाच पाठवतो, आणि चौथ्या वर्षी शेवटचं एक मिनिट राहिलंय, एका गोलची लीड आहे, समोरच्यांनी गोलकीपर काढून सहावा माणूस आणलाय, आणि फेसऑफला, म्हणजे पक टाकून खेळ पुन्हा सुरू होताना, तो शेजारी उभा आहे. त्याचं नाव कुठल्याच बातमीत येत नाही. पण तुम्हाला माहितीये तो इथपर्यंत कसा आला, स्टँडमध्ये तेव्हा जे पोटात होतं ना, ते नुसत्या स्टारच्या मागे लागणाऱ्याला कधीच कळायचं नाही.

मग सिनिअर नाइट, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या निरोपाची रात्र, येते, सीझनच्या शेवटच्या घरच्या वीकेंडला. आईवडील बर्फावर येतात, फोटो होतात. या रात्री लवकर जा, मॅच संपली की पळू नका, थांबा. मी दर वर्षी रडते आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

वातावरणाबद्दल थोडं. प्रत्येक रिंकचे आपले रिवाज असतात आणि ते शिकून घ्यायला हवेत, नुसतं बघत बसायचं नाही. आमच्याकडे पेप बँड काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या ओव्हरऑल्समध्ये येतो आणि खेळ थांबला रे थांबला की सुरू होतो, त्यांच्या जवळ बसा, स्टुडंट सेक्शनच्या आरोळ्या एका महिन्यात पाठ होतात. कॉर्नेलला समोरची टीम इंट्रोड्यूस होताना अख्खं स्टँड पेपर उघडून वाचायचं नाटक करतं आणि हार्वर्ड आलं की बर्फावर मासे फेकतात. बॉस्टनमध्ये चार कॉलेजांची बीनपॉट फेब्रुवारीच्या पहिल्या दोन सोमवारी असते, १९५२ पासून. आमच्याकडे फेब्रुवारीत विंटर कार्निव्हल, गावभर बर्फाचे भलेमोठे पुतळे, आणि त्याच वीकेंडला घरची सिरीज. होटनला एकदाच जाणार असाल तर तेव्हा जा, हॉटेल मात्र खूप आधी धरून ठेवा.

आता पॉइंट्स. इथे नवीन लोक हमखास गोंधळतात. दोन वेगळे हिशोब चालू असतात. एक कॉन्फरन्सचा, आमच्याकडे साठ मिनिटांत जिंकलं तर ३ पॉइंट, ओव्हरटाइम किंवा शूटआउटला जिंकलं तर २ आणि हरणाऱ्याला १. रेग्युलर सीझनमध्ये ओव्हरटाइम पाच मिनिटांचा, तीन विरुद्ध तीन. दुसरा हिशोब नॅशनल टूर्नामेंटचा. तिथे १६ टीम जातात, सहा कॉन्फरन्स चॅम्पियन थेट आणि बाकीच्या दहा गणितावरून. हे गणित बरीच वर्षं पेअरवाइज म्हणून ओळखलं जायचं, आता एनपीआय आलंय, पण मुद्दा तोच, कोणाला हरवलंत आणि कुठे हरवलंत हे मोजलं जातं, कोण काय बोलतं त्याला किंमत नाही. शूटआउटला जिंकलात तरी या गणितात ती मॅच बरोबरीतच धरतात. जानेवारीपर्यंत हे बघू नका, आकडे फार उड्या मारतात, जानेवारीनंतर मात्र दर रविवारी सकाळी बघा. आम्ही २०१५-१६ ला रेग्युलर सीझनचा मॅकनॉटन कप वाटून घेतला, चांदीचा मोठ्ठा कप आहे, १९१३ पासूनचा, आणि तरीही नॅशनल टूर्नामेंटमध्ये गेलो नाही, कारण आमची तेव्हाची कॉन्फरन्स, डब्ल्यूसीएचए, कमकुवत, गणितात वर येताच आलं नाही. तेव्हापासून मी ऑक्टोबरमधल्या नॉन-कॉन्फरन्स मॅचेस कधी हलक्यात घेत नाही. मार्चमध्ये तुमचं नशीब बऱ्याचदा ऑक्टोबरच्या त्या दोन रात्रींवर अडकलेलं असतं.

ही कॉन्फरन्स कमकुवत का झाली ते पण माहीत असू द्या. पेन स्टेटने हॉकी टीम सुरू केली, त्यामुळे बिग टेन या मोठ्या युनिव्हर्सिटींच्या गटाला स्वतःची हॉकी कॉन्फरन्स करता आली, २०१३ ला मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन तिकडे गेले, मागोमाग नॉर्थ डकोटा, डेनव्हर, डुलुथ वगैरेंनी एनसीएचसी नावाची नवी कॉन्फरन्स काढली आणि आमच्यासारखी लहान गावं मागे राहिली. ज्यांच्याशी अनेक दशकं वैर होतं त्या टीम आमच्या रिंकवर येईनाशा झाल्या. मला याचं अजून वाईट वाटतं. २०२१ ला आमच्यासह सात कॉलेजांनी बाहेर पडून सीसीएचए ही जुनी कॉन्फरन्स पुन्हा उभी केली, आता जरा घडी बसतेय. आणि २०२५ पासून कॅनडाच्या मेजर ज्युनिअर लीगमधली मुलंही कॉलेजात खेळू शकतात, त्यामुळे रोस्टर अजून पटापट बदलणार, मोठ्या कॉलेजांकडे ओढा वाढणार. म्हणून म्हणते, चौथ्या लाइनवरचा पोरगा धरा, तोच चार वर्षं राहायची शक्यता जास्त.

मार्च आला की वेगळं जग. एक मॅच हरलात की संपलं. ओव्हरटाइम पूर्ण वीस-वीस मिनिटांचे, पाच विरुद्ध पाच, गोल होईपर्यंत. २०१५ ला यूमॅस आणि नोत्र देम पाच ओव्हरटाइम खेळले, १५१ मिनिटं ४२ सेकंद! त्यामुळे मार्चमधल्या मॅचनंतर काही ठरवूच नका, जेवणही आधीच उरकून घ्या. त्याच २०१५ ला आमची टीम १९८१ नंतर पहिल्यांदा टूर्नामेंटमध्ये गेली, फार्गोला, सेंट क्लाउड स्टेटविरुद्ध, आणि ओव्हरटाइमला ३-२ ने हरली. २०१८ ला परत तेच, नोत्र देमकडून ओव्हरटाइमला ४-३. २०२३ ला पेन स्टेटकडून ८-०. लोक विचारतात एवढं हरून काय मिळतं. अहो, ३४ वर्षं ज्यांनी वाट बघितली त्या म्हाताऱ्या लोकांच्या शेजारी उभं राहून टीम त्या बर्फावर उतरताना बघितलीत ना की हा प्रश्न पडत नाही. आणि ८-० च्या मॅचलाही शेवटपर्यंत थांबायचं, सिनिअर्सची शेवटची मॅच असते ती.

लांब राहत असाल तर स्ट्रीमिंगचं सबस्क्रिप्शन घ्या, पण रेडिओ कॉमेंट्री जास्त चांगली, माझं तर स्पष्ट मत आहे. टीमचा रेडिओवाला वर्षानुवर्षं बसने त्यांच्याबरोबर फिरतो, त्याला आतलं माहीत असतं, कोणाचा खांदा दुखतोय, कोणाची लाइन बदलली. व्हिडिओचा आवाज बंद करून रेडिओ लावा, थोडं मागेपुढे होतं, चालतं. भारतातून ऐकणाऱ्यांना ते शनिवार-रविवार पहाटे पडतं, चहा करून बसा. वर्षातून एकदा तरी बाहेरगावच्या मॅचला जा. आमच्यासाठी ख्रिसमसनंतरचं ग्रेट लेक्स इन्व्हिटेशनल बरं पडतं, टेकनेच १९६५ ला सुरू केलेली टूर्नामेंट, जुने सगळे तिथे भेटतात. परक्या रिंकवर आपले पन्नास-शंभर लोक एका कोपऱ्यात बसलेले असतात, ओळख नसली तरी जागा करून देतात.

उन्हाळ्यात दोनच कामं. एप्रिल-मेमध्ये कोण पोर्टलमध्ये गेला ते बघा, आणि गेला तर त्याला शिव्या देऊ नका, वीस-बावीस वर्षांचा पोरगा आहे, त्याला बर्फावर जास्त वेळ हवा असतो. दुसरं, येणारी मुलं सध्या कुठल्या ज्युनिअर टीममधून खेळतायत ते शोधून त्यांच्या क्लिप्स बघून ठेवा. मग सप्टेंबरच्या शेवटी जर्सी नंबर जाहीर होतात. चौथ्या लाइनवर कोणाकोणाची वर्णी लागेल याचा अंदाज बांधा, त्यातला एक निवडा, आणि पहिल्या प्रॅक्टिस मॅचची तिकिटं काढा, ती बहुतेक वेळा स्वस्त असतात आणि जागा हवी तिथे मिळते.